लाल झाकण

वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात मी शेड जुळवते. ग्राहकानं पास केलेल्या रंगाचा पत्रा आम्ही काळ्या पाकिटात जपून ठेवतो. नव्या बॅचचा पत्रा त्याच्या शेजारी धरायचा, खिडकीच्या उजेडात बघायचं आणि सांगायचं, पास की नापास. बघताना उजवा डोळा मिटायची माझी जुनी खोड.

त्या दिवशी गॅस सिलिंडरच्या लालाची बॅच होती. पाकीट उघडायच्या आधीच मला फिकी वाटली.

"अजून लाल टाका," मी मिक्सरवरच्या काकांना म्हटलं.

"बरोबर आलाय ओ ताई."

"काका, शेड मी बघते ना?"

त्यांनी टाकला. तरी फिकाच. मग पाकिटातला पत्रा काढला, तर तोही विटकरी. माझं डोकंच फिरलं. हा उन्हात कोणी ठेवला म्हणून स्टोअरवाल्याला फैलावर घेतलं. झापताना डोळे वटारले, म्हणजे दोन्ही उघडले, आणि हातातला पत्रा लालभडक दिसला. डावा मिटला, तर लाल. उजवा मिटला, तर विटका. दोन दिवस डावा डोळा फिरवताना दुखत होता, ते मी थिनरच्या वासावर ढकललं होतं.

माजिवड्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंबांच्या बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यासमोर धरलं. डोळ्याच्या नसेला सूज आलीय, म्हणाल्या. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत, महिन्यांत परत येते. सलाइनमधून स्टिरॉइड दिलं की लवकर येते, पण शेवटी फरक फारसा पडत नाही. एवढं ऐकून मी पर्स उचलली.

"बसा. मेंदूचा एमआरआय करायचाय."

खरा प्रश्न तो होता. मेंदूत डाग नसले तर पुढचा धोका कमी. असले, तर पुन्हा झटका येऊ शकतो, दुसऱ्या डोळ्यावर, हातापायांवर. त्या आजाराला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात.

डाग निघाले. थोडे, पण निघाले. डोंबिवलीला घरी येऊन आधी भांडी घासली, मग नवऱ्यासमोर रडले.

"अगं, होईलच असं नाही ना म्हणाल्या?"

"नाही. पास पण नाही करत, नापास पण नाही."

नजर आली. तक्त्यावरची शेवटची ओळ मी धाडधाड वाचते. फक्त डाव्याला लाल जरा जुना दिसतो, गरम पाण्यानं आंघोळ केली की जास्तच. नोकरी टिकली. खोड तेवढी बदलली. आता शेड बघताना डावा मिटते. काका परवा म्हणाले, "काय ताई, डोळा मारता काय मला?" मी हसले, पण मला भीती वाटते, आणि ती जात नाही.

रोज सकाळी ओट्यापाशी उभी राहून मी लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण उजव्या डोळ्यासमोर धरते. डाव्याचं काय ते कळून चुकलंय. नवरा गाळणं हातात घेऊन थांबलेला असतो.

"लाल," मी म्हणते.

मग तो चहा गाळतो.