रिलेच्या तिघींना, सहमहून आल्यावर

तुम्ही चौघी त्या सकाळी कॉलेजच्या मैदानावर वॉर्मअप करत होतात आणि माझी गाडी मुंबईच्या विमानतळाकडे निघाली होती. रस्ता मैदानाला लागूनच. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमच्या पोरी." मी चप्पल शोधतेय असं दाखवत सीटखाली वाकले आणि मैदान मागे पडेपर्यंत वर आले नाही. नऊ वर्षं झाली. मयूरी, स्नेहल, रुक्साना, तुम्हा तिघींना हे आज लिहितेय, कारण चौथीला, शबानाला, गेल्या महिन्यात तोंडाने सांगून आले.

आपल्या कॉलेजच्या चौघी विद्यापीठाच्या रिले संघात पहिल्यांदाच निवडल्या गेल्या होत्या. स्पर्धा परराज्यात होती; मुलींच्या संघाबरोबर बाई मॅनेजर लागते, म्हणून माझं नाव लागलं होतं. शबानाचे वडील इब्राहिमचाचा बंदरावर मासळीचा धंदा करायचे. पोरीला इतक्या लांब पाठवायला ते काही तयार होत नव्हते. शेवटी एक दिवस स्वतः कॉलेजात आले, माझ्यासमोर डोक्यावरची टोपी सारखी करत बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी सोबत असाल तर पाठवतो. दुसऱ्या कुनाबरोबर नाय." मी म्हटलं, "मी आहे ना." तेव्हा माझा ओमानचा व्हिसा येऊन घरच्या कपाटात पडला होता.

नवरा आधीच मस्कतला होता. सासूबाईंनी बजावलं होतं, "विमानात बसेस्तोवर कुणाकडे तोंड उघडायचं नाही. नजर लागते." गल्फला माणूस पाठवणाऱ्या आपल्याकडच्या घरांत हा नियमच आहे. शेजारच्यांनी व्हिसा आला म्हणून पेढे वाटले आणि मुलगा व्हिसाच्या मेडिकल तपासणीत नापास झाला, ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. म्हणून मी गप्प राहिले, असं इतकी वर्षं सांगत आले. खरं म्हणजे गप्प राहणं माझ्या सोयीचं होतं. तासिका तत्त्वावरची नोकरी, नोटीस द्यायचीही गरज नव्हती. आधी सांगितलं असतं तर तुमची तोंडं पडली असती, प्राचार्य चिडले असते. पण मग दुसऱ्या एखाद्या बाईंना घेऊन मी चाचांच्या घरी गेले असते, त्यांची ओळख करून दिली असती. हाताशी चांगला दीड महिना होता. हे तेव्हा सुचलंच नाही असंही मी म्हणत असे. सुचलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. माझ्या जागी भलत्याच कॉलेजच्या बाई आल्या. चाचांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, आणि त्यांनी शबानाला घरातून निघू दिलं नाही. तुम्ही राखीव मुलीला घेऊन धावलात आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलात. रुक्साना, तुझा मेसेज मला मस्कतमध्ये मिळाला, "शबानाच्या अब्बांनी घात केला." मी उत्तरादाखल एक रडका चेहरा पाठवला. तेवढाच.

आता मी मस्कतमधल्याच बौशरच्या एका खाजगी विद्यापीठात मुलींच्या खेळांचं बघते. तिकडे आपण चुन्याच्या फक्कीने ट्रॅक आखायचो आणि स्पाइक्सची एकच चांगली जोडी तुमच्यात फिरायची, तीही स्नेहलच्या मापाची. इथे गार हॉल आहे, फिजिओ आहे, प्रत्येकीला दोन-दोन किट आहेत, यल्ला, चला, म्हटलं की बस दारात उभी. पण वडील इथेही आहेतच. पालकांच्या संमतीच्या फॉर्मवर सोबत कोण जाणार याचा एक रकाना असतो. त्यात मी माझं नाव लिहिते आणि दर वेळी तारीख पुन्हा तपासते. एखादे वडील गेटपर्यंत येऊन मला नीट बघून जातात. मी मोडक्या अरबीत हमी देते, ते "इन्शाल्ला, टीचर" म्हणतात.

नऊ वर्षांत माझी एकही मॅच चुकलेली नाही. अंगात ताप असताना गेले, अल हैलच्या आमच्या घरी पाहुणे बसलेले असताना गेले. माझी लेक म्हणते, "आई, तूच का नेहमी जाते? समबडी एल्स पण जाऊ शकते ना." नवऱ्याला वाटतं, बायको कामाला वाहून घेतलेली आहे. यात वाहून घेणं वगैरे काही नाही, नुसती भीती आहे.

आमच्या संघाचा फोटो कुठेतरी बघून शबानानेच मला शोधलं. "मॅडम, मी सहमला असते. ह्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. या ना." सहम इथून गाडीने दोन तास. मी पाच महिने "पुढच्या शुक्रवारी, इन्शाल्ला" करत राहिले. लोक श्रद्धेने म्हणतात तो शब्द मी टाळाटाळीला वापरला.

शेवटी गेले. तिने घावणे आणि सुरमईचं कालवण केलं होतं. वाढता वाढता सहज म्हणाली, "अब्बांनी ऐन वेळी शब्द फिरवला, मॅडम. माझी बॅग भरलेली होती. त्यानंतर मी धावलेच नाही, आणि त्यांच्याशी धड बोललेही नाही. लग्नात पण नाही. तुम्ही असतात तर त्यांना समजावलं असतंत. पण तुमचा व्हिसाच दोन दिवसांत आला ना."

"दोन दिवसांत? कोण म्हणालं?"

"अब्बाच म्हणाले."

मी सगळं सांगून टाकलं. पदराला हात पुसून तिने तिथल्या तिथे वडिलांना फोन लावला, स्पीकरवर, आणि विचारलं.

"माझे दोन सख्खे भाव मस्कतात होते, पोरी," चाचा म्हणाले. "व्हिसा दोन दिसांत येत नाय, ह्ये मला म्हायत नाय काय?"

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"बापावर रागावलीस तर बाप कुठं जातो? मॅडमवरचा भरोसा उडाला तर धावनं सोडशील, असं वाटलं." ते पुढे म्हणाले, "तरी सोडलंसच." मग विचारलं, "मॅडम तिथंच हायत काय? जेवल्या काय?"

शबानाने स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन आत गेली. बराच वेळ तिचा हुंदक्यांत अडकलेला आवाज येत होता. तिच्या नवऱ्याने मला चहा दिला. ती बाहेर आली ती डोळे सुजवून. म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही जा." त्या दोन तासांच्या रस्त्यावर मी दोनदा गाडी बाजूला घेतली.

तुम्हीही इतकी वर्षं चाचांनाच बोल लावत आलात. तो दोष त्यांचा नाही, माझा आहे. त्यांनी तो अंगावर घेतला, मी घेऊ दिला, आणि त्यात त्यांची मुलगी त्यांना नऊ वर्षं परकी झाली. माफी मागायची तर शब्द फार किरकोळ वाटतात, तरी मागते.

सुट्टीत गावी आले की आधी सासर, मग माहेर, असा माझा क्रम असायचा, आणि त्या दोन उंबऱ्यांनाच मी घर म्हणत होते. या वेळी आधी चाचांच्या दारात जायचं आहे. फोनवर ते म्हणालेत, या. शबाना अजून तसं म्हणालेली नाही, आणि ती म्हणेपर्यंत त्या गावाला माझं घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.