बारा बायकांचे बारा शब्द

ती घटना आठवली की मला आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते. मान का खाली जाते, हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. मुदतीआधीच नोकरी सोडली, आता लिहून मोकळा होतो.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली आणि एक नेहमीचा खबऱ्या टेबलापाशी येऊन टेकला. हातगाड्या भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. म्हणाला, "साहेब, वस्तीत बाहेरून पैसा येतोय. नोट नाय, नाणं नाय, समदं मोबाईलमधी. क्रिप्टो म्हणत्यात. भाजीवाल्या बाया एकामागं एक नव्या गाड्या घ्यायला लागल्यात. मामला लई मोठा हाय."

खबर देणाऱ्याचं स्वतःचं काय बिघडलंय ते आधी पाहावं, असं मी नव्या अंमलदारांना शिकवायचो. त्या दिवशी मीच विसरलो. त्याच्या भाड्याच्या गाड्या पडून राहू लागल्या होत्या, एवढंच त्याचं दुखणं. पण 'क्रिप्टो' ऐकलं आणि मला पेपरात माझा फोटो दिसायला लागला.

वस्तीत बारा भाजीवाल्यांची भिशी होती. तिची कर्तीधर्ती आक्का, पन्नाशीची, विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. तिची भाची पुण्यात संगणक कंपनीत. भाचीचे सहकारी क्रिप्टोमध्ये, म्हणजे आभासी चलनात, देणगी द्यायचे, ती आक्काच्या मोबाईलमधल्या डिजिटल पाकिटात यायची, आणि त्यातून एकेका बाईला स्वतःची हातगाडी मिळायची. पाच जणींना मिळाली होती, सात बाकी होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी दोन पंच घेऊन गेलो आणि आक्काचा मोबाईल जप्त केला.

पुढचा नियम सोपा असतो. मोबाईल लिफाफ्यात घालायचा, सील करायचा, सायबर शाखेकडे पाठवायचा. मला धीर नव्हता. सील करण्याआधीच मी पासवर्ड टाकून पाहू लागलो. एक दोन तीन चार. आक्काचं जन्मसाल. मग बाबासाहेबांच्या जयंतीची तारीख. ती तर लागणारच अशी माझी खात्री. लागली नाही. असं करत करत स्क्रीन काळी झाली आणि मोबाईल नव्यासारखा विचारू लागला, भाषा कोणती हवी? एवढे चुकीचे पासवर्ड पडल्यावर आतलं सगळं आपोआप पुसलं गेलं होतं.

पंचनाम्यात मी लिहिलं, 'सदर मोबाईल चालू करून पाहता त्यातील माहिती आधीच पुसलेली मिळून आली.' पंचांनी न वाचता सह्या केल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी आक्कालाच दरडावलं, "पुरावा का नष्ट केलास?"

ती बघतच राहिली. "म्या? साहेब, त्यात आमच्या सात गाड्या होत्या."

त्या सात जणींनी नवी गाडी येणार म्हणून भाड्याच्या गाड्या परत करून टाकल्या होत्या. जुनी गेली, नवी नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सातही जणी रस्त्याच्या कडेला पोत्यावर मेथी मांडून बसलेल्या.

बायकांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. महिला हवालदाराला घेऊन मी दारोदार गेलो. प्रत्येकीला एकच प्रश्न, मोबाईलमधल्या पैशाचा पासवर्ड काय?

पहिली म्हणाली, "मला एकच शब्द ठाव हाय."

"कोणता?"

"नाय सांगणार."

दुसरीचं तेच. तिसरी म्हणाली, "माझा शब्द इंग्रजी हाय. अर्थ मलाच ठाव नाय, तुमाला काय सांगू?" चौथीला मी जरा गोडीत घेतलं, "मावशी, मला एकट्याला सांगा." तर म्हणते, "तुमी तुमचा खरा पगार बायकूला सांगता का?" हवालदारबाईंनी हसू दाबायला वहीत तोंड घातलं. बाहेर आल्यावर मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "सर, टोळीने शपथ घेतलेली दिसते."

उलगडा भाचीने केला. ती पुण्याहून सगळी कागदपत्रं घेऊन आली. देणगीदार सगळे ओळखीचे, नावानिशी. गुन्हा कुठेच नव्हता. मग ती म्हणाली, "सर, पाकीट मोबाईलमध्ये नसतंच. बारा शब्द ओळीने टाकले की ते कुठल्याही मोबाईलवर उघडतं. पण आत्या म्हणाली, सगळी किल्ली एकीकडं नको, भिशीसारखं वाटून घेऊ."

"आणि ओळ कुणाला माहीत?"

"सगळ्यांना. भिशीत ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या, तोच क्रम. तो कुठली बाई विसरेल?"

माझ्या जिवात जीव आला. पण अकराच जणी हजर होत्या. पोलीस फिरताहेत म्हटल्यावर बारावी सिल्लोडकडच्या एका खेड्यात लेकीकडे निघून गेली होती. भाचीने फोन लावला. "फोनवर नाय सांगत," ती म्हणाली, "पोलीस ऐकत आसंल." ऐकतच होतो.

मी स्वतःची गाडी काढून सिल्लोड गाठलं. मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभी. "वारंट हाय का?"

"नाही मावशी. विनंती आहे."

"पोलिसाची इनंती? लेकी, बग गं, गावात कॅमेरा हाय का कुणाकडं!" मग पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली. "मागं बसले तर लोक म्हनतील, पकडून नेली."

विहारात बाराजणी गोल बसल्या. एकेकीने भाचीच्या कानात आपला शब्द सांगितला. तोवर मी आणि हवालदारबाई बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे, आक्काचा तसा हुकूम होता. आत एकदम ओरडा झाला. पाकीट उघडलं होतं.

पंधरवड्यात सातही गाड्या आल्या. 'साहेब स्वतः सिल्लोडला गेले' म्हणून बायकांनी मला शाल घातली. मी ती घेतली. तेव्हा आक्का हळूच म्हणाली, "माझ्याच हातून कायतरी दाबलं गेलं आसंल, साहेब." आणि मी "होतं असं कधी कधी" म्हणालो. त्यानंतर तिने मोबाईलला हात लावणं सोडलं. फोनसुद्धा सून लावून द्यायची.

गेल्या महिन्यात मी तिच्या गाडीवर जाऊन सगळं सांगितलं. तिने गिऱ्हाईकाची कोथिंबीर बांधून दिली, मग म्हणाली, "मला एकटीला नका सांगू. रविवारी भिशीत या."

बाराजणींच्या मधोमध बसून मी जबाब दिला. इतका घाम मला कुठल्या चौकशीत फुटला नव्हता. सिल्लोडवाली मावशी फाडकन म्हणाली, "पाच-सात वर्सं आमची आक्का सोताला येडी समजत ऱ्हायली!" शिक्षा ठरली. खरं काय ते ठाण्यात लेखी द्यायचं, आणि दर गुरुवारी वस्तीतले रेशनकार्डाचे अर्ज भरून द्यायचे. लेखी दिलंय. त्यावर जे होईल ते होईल.

नोकरीत मी खोटं बोलणारे शेकडो ओळखले. पण माझ्या दोन ओळींच्या खोट्याची शिक्षा एक बाई भोगतेय, हे समोर दिसत असूनही ओळखायला मला एवढी वर्षं लागली. हे प्रकरण मला तेवढंच शिकवून गेलं.

परवा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"साहेब, आक्का बोलतेय. सोताच लावलाय. गुरुवारी येताना माझा पेन आना, मागल्या टायमाला तुमच्याच खिशात गेला."