मागच्या चाकांचं माप

सांताक्रूझ गावाचं चर्च मागे पडून दीड तास झाला, तरी ओनोफ्रेचं तोंड थांबलं नव्हतं. एर्लिंडा रस्त्याच्या कडेने जपमाळेचे मणी सरकवत चालली होती आणि दर चार-पाच मण्यांना तिचा हा दीर मध्येच बोलत होता.

"साडेपाच इंच रुंदीची घ्यायला हवी होती."

"काय?"

"मागची चाकं. सहा इंची घेतली, तिथे चुकलं."

"अरे, आज गुड फ्रायडे आहे. आज तरी देवाचं नाव घे."

"घेतोय की, वहिनी. प्रत्येक टायर बसवताना घेतलंय."

एर्लिंडाने पुढचा मणी धरला. चिमायोच्या देवळाच्या वाटेवर दोन्ही अंगांनी पायी यात्रेला निघालेल्या माणसांची रीघ लागली होती. कुणाच्या खांद्यावर लाकडी क्रूस, कुणाच्या हातात पोराची बाबागाडी. एका अंगणापुढे बायका संत्री वाटत होत्या. ओनोफ्रेने संत्रं घेतलं आणि न सोलताच खिशात टाकलं. त्याच्या उजव्या टाचेला फोड आला होता. तो लंगडत होता, पण त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. बोलणं सगळं चाकांचंच.

एर्लिंडाचं हे नववं वर्ष. तिचा नवरा बेलार्मिनो छपरावरून पडला आणि हॉस्पिटलातून आपल्या पायांनी चालत घरी आला, त्या वर्षी तिने नवस केला होता. दर गुड फ्रायडेला आपल्या उंबरठ्यापासून चिमायोच्या देवळाच्या उंबरठ्यापर्यंत चालायचं, मध्ये चाकांवर, म्हणजे कुठल्याही गाडीत, बसायचं नाही. आठ वर्षं तिने तो पाळला होता.

ओनोफ्रे मात्र आज स्वतःसाठी चालत नव्हता, आईसाठी चालत होता.

वय छप्पन, लग्न केलेलं नाही, एस्पान्योला गावात आईजवळ राहणारा. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतो, आणि पोरांच्या दंग्यावर कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. त्याचा सगळा संताप, सगळी हौस, सगळा पगार एका गाडीत जातो. चौसष्ट सालची इम्पाला, बापाने नवीकोरी घेतलेली. बापानेच तिच्या स्प्रिंगा कापून तिला खाली बसवली, इतकी की पोटाखालून मांजर जाणार नाही. पिकल्या चेरीचा रंग, सोळा थरांचा. दारं मात्र चार. या गावात अशा बुटक्या गाड्यांना दोनच दारं शोभतात असं मानतात, त्यामुळे मित्र तिला टॅक्सी म्हणतात. ओनोफ्रे म्हणतो, म्हणू देत, माझ्या आईला मागच्या दारातून नीट बसता येतं.

आई म्हणजे क्लेओफास. लग्न झाल्यापासून दर गुड फ्रायडेला ती या रस्त्याने चालत गेली. यंदा गुडघ्यांनी साफ नकार दिला. डॉक्टरांनी काठीशिवाय अंगणातही जायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हा ती म्हणाली, "चालणं जमत नाही तर नवऱ्याच्या गाडीतून जाईन. बेलार्मिनोच्या ट्रकमध्ये मला खालून ढकलून चढवायचं नाही. आणि जाईन ती शुक्रवारीच. पुढच्या वर्षीचा शुक्रवार मला कुणी दाखवलाय?"

हे झालं नाताळात. तेव्हापासून ओनोफ्रे चाकांच्या मागे लागला.

आधी होती तारांच्या आऱ्यांची, चौदा इंच व्यासाची चाकं. बघायला राजेशाही, पण आई मागच्या उजव्या सीटवर बसली की गाडी त्या अंगाला कलायची आणि टायरची बाहेरची कड मडगार्डच्या काठाला लागायची. मग तेरा इंची आणली. त्या मापाचे बारीक टायर हल्ली सहजासहजी मिळत नाहीत, सहा आठवडे वाट पाहिली. टायर बुटका झाला, वरती थोडी जागा सुटली, पण चाक तेवढंच बाहेर डोकावत राहिलं. मग फक्त मागची दोन बदलून सात इंच रुंदीऐवजी सहा इंची घेतली. दर वेळी गावातले शहाणे सल्ला द्यायचे. कुणी म्हणे पंप बसव, बटण दाबलं की गाडी वर येईल. पण चुलत भावाच्या पंपवाल्या गाडीत आई एकदा बसली होती. ती गाडी उडी मारायला लागल्यावर तिने सगळ्या संतांना हाका मारल्या होत्या. कुणी म्हणे मडगार्डचा काठ आत ठोकून घे. मग सोळा थर तडकणार.

"तू सरळ दोन इंच वर का उचलत नाहीस गाडी?" एर्लिंडाने आता विचारलं.

ओनोफ्रे असा थांबला, जणू तिने देवळात शिवी दिली. "वर? बाबांनी खाली केलेली गाडी मी वर करू? मग आईला चढायला शिडी लाव ना."

"पण या वेळी मापं नीट घेतली होती ना?"

"घेतली होती! टायरवाल्या नासारियोच्या दुकानात, अख्खी गाडी जमिनीवर उभी करून. मागच्या सीटवर राजम्याच्या गोण्या ठेवून. दोन बोटं जागा राहिली."

"किती गोण्या?"

ओनोफ्रेने नजर रस्त्याकडे वळवली.

"तीन," तो म्हणाला. "पन्नास-पन्नास पौंडांच्या."

"दीडशे?" एर्लिंडाच्या हातातला मणी तसाच राहिला. "ओनोफ्रे, दीडशेच्या आई स्वतःच्या लग्नात होत्या."

"मग काय करू? नासारियोने भर दुकानात विचारलं, तुझी आई किती वजनाची. चार गिऱ्हाइकं बसलेली. चारचौघांत आईचं वजन सांगू?"

"म्हणून खोटं सांगितलंस."

"खोटं नाही. मान राखला." तो पुन्हा लंगडत निघाला. "मान राखला आणि माती खाल्ली."

काल दुपारी तो आईला चाचणीसाठी घेऊन निघाला होता. पाटावरच्या छोट्या पुलाशी गाडीने गचका खाल्ला, मागून किंकाळीसारखा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास आत शिरला. क्लेओफासने क्रूसाची खूण केली. "थांबव. तुझ्या बापाची गाडी रडतेय," म्हणाली, आणि उतरली. काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत ती घरी परत गेली. ओनोफ्रे मागून पायी गेला, तर त्याच्याकडे बघेना. रात्री तो रिकामी गाडी घरी घेऊन आला, तर जेवताना एवढंच म्हणाली, "उद्या तू माझ्या जागी चालत जा. मी आता काही येत नाही."

"एक शब्द रागावली नाही," ओनोफ्रे म्हणाला. "रागावली असती तर बरं झालं असतं. पहाटे उठून बघतो तर तिने आपली काळी ओढणी घडी करून परत पेटीत ठेवली होती."

मागून एक हिरवी गाडी मुंगीच्या चालीने आली, रस्त्याला चिकटल्यासारखी. खिडकीतून एक टक्कल बाहेर आलं. "काय ओनोफ्रे! टॅक्सी विकून बूट घेतलेस काय?"

"बूट तरी काठाला घासत नाहीत!" ओनोफ्रे ओरडला. माणसं हसली. टक्कलवाल्याने शेजारून चाललेल्या एकाच्या खांद्यावरच्या क्रूसाकडे बघून घाईघाईने हात जोडले आणि गाडी पुढे सरकली.

"बघितलंस?" ओनोफ्रे म्हणाला. "पुढे दोघं, मागे कुणी नाही. सगळे असेच फिरतात. तसं तर माझीही कुठे घासत नाही. नासारियो आणि मी शंभर मैल जाऊन आलो, मागे दोन बोटं जागा शाबूत."

"मग आईंना पुढे बसव."

"ती कधी बसलीय पुढे? मागे तिचा जप नीट होतो."

एर्लिंडा थांबली. हे त्याला ठाऊक असेल असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"जपासाठी नाही रे. ती पुढची सीट तुझ्या आजीची आहे."

"आजी मरून बावन्न वर्षं झाली."

"झाली असतील. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आई नवऱ्याशेजारी पुढे बसल्या होत्या. तुझी आजी दारात येऊन उभी राहिली. सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाली, 'ऊठ. ती जागा माझी. मी मेले तरी माझीच.' त्या उठून मागे गेल्या. त्यानंतर त्या पुढे बसलेल्या नाहीत. आजी गेल्यावर तुझ्या बाबांनी किती विनवलं, तरी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा बेलार्मिनोच्या गाडीचं पुढचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी उघडलं. म्हणाल्या, तू पुढे बस, पोरी. तेव्हा सांगितलं मला हे."

ओनोफ्रे रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर मटकन बसला. चालणारी माणसं त्याला वळसा घालून जात राहिली.

"चार महिने," तो म्हणाला. "चार महिने मी इंच मोजतोय. तेरा, चौदा, सहा, सात. आणि भानगड सीटची! मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू टायरवाल्याला विचारलंस."

त्याने बूट काढला. मोजा टाचेशी लाल झाला होता. तो त्याकडे बघत बसला आणि मग एकदम त्याने मान वर केली. अजून दहाही वाजले नव्हते. देवळाचं दार संध्याकाळपर्यंत उघडं असतं. रस्त्यापलीकडे, संत्री वाटून झालेल्या आणखी काही बायकांचा रिकामा ट्रक घराच्या दिशेने निघण्याच्या बेतात होता.

"आईंना फोन लावते," एर्लिंडा म्हणाली.

"फोनवर ती नाही म्हणेल आणि ठेवून देईल. तुला माहीत आहे." त्याने फोडावरूनच बूट चढवला. "मी सांगू शकत नाही, वहिनी. आजीचं नाव मी तिच्यापुढे काढलं तर तिला कळेल तू मला सांगितलंस, आणि ती लाजेल. हे सुनेनेच सासूला सांगायचं आहे."

एर्लिंडाने ट्रककडे पाहिलं. तिच्या मुठीत माळ होती, निम्म्यापेक्षा जास्त मणी सरकलेली.

"तुझा नवस मोडेल," तो म्हणाला. "नऊ वर्षांचा. मी मागू नये ते मागतोय. पण त्या ट्रकात बसून माझ्याबरोबर परत चल. पुढचं दार तू उघड आणि तिला हाताला धरून बसव. आणि वहिनी, टायरचं नाव काढू नकोस. जागा तिची आहे म्हणून बसव."