कडावच्या तीन चांदण्या

चि. शलोम, तुझी पाठ आता कशी आहे? ट्रॅक्टरवर बसून धरते म्हणाला होतास. मिर्यमचा खोकला गेला का? तिकडची थंडी कोरडी, तिला म्हणावं ओव्याची वाफ घे. आणि यायेलचे पुढचे दात आले की अजून बोळकंच आहे? मी ठणठणीत. जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. राहिली तुझी आई, शेगुला. तिचं सविस्तर लिहायचंय, म्हणून पत्र लांबेल. तुम्ही पुढच्या हिवाळ्यात यायचं म्हणता, आणि तिकडे परदेशात, बेरशेबात इथून गेलेली आपली यहुदी मंडळी माझी पत्रं जमून वाचतात, तेव्हा वाटेचंही लिहितो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

झालं असं, की कडावच्या गुरुजींचं कार्ड आलं. शेगुलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, सोमवारी खालापूरच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे, बाई नाहीच म्हणतात, तुम्ही येऊन समजवा. मी शुक्रवारी सकाळीच ठाणं सोडलं.

गाडी पुण्याकडची धरा. कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं जोडतात, तोवर फलाटावर वडे मिळतात. गरम असतील तरच घ्या, चटणी जपून. स्टँडवरून मुरबाडकडे जाणारी एस.टी. कडावला सोडते. तिकीट पैशांतच आहे, पण सुटे ठेवा, नाहीतर कंडक्टर उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून देतो, ते उतरताना मागून घ्यावे लागतात. शुक्रवारी निघालात तर दुपारची गाडी चुकवू नका. पुढची येते दिवेलागणीला, तोवर शब्बाथ लागलेला असतो, मग शनिवारची रात्र होईतो ना प्रवास, ना काम, ना चूल. भात कापून झालाय, खाचरांत वाल पेरलेत, दोन्ही बाजूंना हिरवं आणि पिवळं. पलीकडे डोंगर इतका जवळ वाटतो की हात लावावा.

शेगुला ओट्यावर बसली होती. मी अगदी समोर उभा राहिलो तरी म्हणाली, "कोण हाय?"

"मी गं, दादा."

"मग बोल की लवकर. उभा काय ऱ्हायलास खांबावानी?"

शब्बाथचा दिवा तिने चाचपडत लावला. वात दोनदा हुकली, काडी बोटापर्यंत आली. मी मदतीला हात पुढे केला तर बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी गार जेवण झाल्यावर मी विषय काढला. शेगुला म्हणाली, "बासष्ट वर्षं बघितलं तेवढं पुरं. आता आणिक मागायचं म्हंजी हाव झाली. आणि बोलून दाखवलं की नजर लागते."

मला शाळा चौथीपर्यंतची, बाकीचं रात्री दिव्याखाली बसून वाचलेलं. तरी जे होतं ते काढलं. म्हटलं, "मोशे रब्बेनूंचं ऐकलंयस ना? एकशेवीस वर्षांचे होते. देवाने कबूल केलेल्या देशात त्यांचे पाय लागायचेच नव्हते. तरी देवाने त्यांना डोंगरावर नेलं आणि सगळा मुलूख दाखवला. म्हाताऱ्याने बघावं असं देवालाच वाटलं की नाही?"

"दाखवला," शेगुला म्हणाली. "आणि मग काय झालं?"

"मग..."

"मग मेले ना तितंच?"

मी पानाचा डबा पुढे ओढला.

शब्बाथ संपल्याचं कळतं ते आकाशात तीन चांदण्या दिसल्या की. शेगुलाला त्या दिसत नाहीत, म्हणून शेजारची ठकीबाई अंगणातून मोजून सांगते. ही कुणबी बाई, पण दर शनिवारी न चुकता येते. त्या संध्याकाळीही आली, मान वर केली आणि ओरडली, "शेगुलाबाय, आल्या गं तिन्ही! पेटव चूल, कर चाय!"

मी बाहेर आलो. एक चांदणी डोक्यावर, एक आंब्याच्या वर. तिसरी कुठे दिसेना. "तिसरी कुठली, ठकीबाई?"

"ती नाय का, डोंगरावर."

तो भिवपुरीच्या वीजघराचा दिवा होता. पाइप उतरतात तिथला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, तो तर बल्ब आहे!"

चुलीपाशी शेगुलाच्या हातातली काडी तशीच जळत राहिली. मग तिने ती फुंकली. "ठके, किती शनवार मोजतेस तू हा बल्ब?"

ठकीबाई पदराशी चाळा करू लागली. "पयला पयला कळला नाय गं. मग कळला."

"आणि तरी मोजलास?"

"मोजला. दिसभर चूल नाय, चायचा घोट नाय. मी करून आणला तर तू तोंडाला लावत नाय. तुजं तोंड सुकल्यालं बघवत नाय मला. तुज्या देवाला काय सांगायचं ते मी सांगीन."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. तेवढ्यात आंब्यामागून खरी तिसरी चांदणी वर आली. मी तसं सांगितलं. तिने निमूट चूल पेटवली, तीन कप चहा केला आणि पहिला ठकीबाईला दिला. "घे गं बये. पुढल्या शनवारी मला माज्या मोजायच्यात. तुज्यावर नाय इस्वास."

मी म्हटलं, "म्हणजे खालापूरला येतेस?"

"येते. पण आधी मलिदा."

म्हणून रविवारी मी मलिद्याच्या ताटाचं सामान आणायला कशेळ्याला गेलो. शेअरची जीप मिळते, माणसं भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे घाईचा माणूस असाल तर पुस्तक घेऊन बसा. तिथल्या बाजारात पोहे, गूळ, नारळ, वेलची, केळी सगळं मिळालं. वाडीवरच्या बायका टोपलीत पेरू घेऊन बसल्या होत्या, त्यांनी हातात दोन जास्तीचे ठेवले. दुपारी ताट भरलं. नवसाला धावणाऱ्या एलियाहू हन्नाबींचं नाव घेऊन म्हणायचं ते मी एकट्यानेच म्हटलं, प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष कडावात कुठून आणायचे?

ताट धरून प्रत्येकाने आपला नवस मनात बोलायचा ही आपल्या घरची रीत. शेगुलाने ते वर उचललं आणि मोठ्याने म्हणाली, "मला बेरशेबाला जायाचंय. माज्या नातीचं, यायेलीचं तोंड बघायचंय."

ठकीबाईने तिचा दंड धरला. "अगं हळू! नजर लागंल."

"लागूं दे गं. नजरच तर पायजे मला!"

मग ताट माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "देवा, सगळ्यांना सुखी ठेव."

"ते सगळ्यांचं झालं," शेगुला म्हणाली. "तुजं काय?"

सत्तरीचा माणूस ताट धरून नुसता उभा.

खालापूरला पहाटेच्या एस.टी.ने जा, कर्जतला बदलावी लागते. शाळेच्या वर्गांत खाटा मांडल्या होत्या, फळ्यावर अजून पाढे होते. आधी उजवा डोळा केला. डॉक्टर म्हणाले, डोकं हलवायचं नाही. शेगुला म्हणाली, "म्हंजी आठवडाभर शब्बाथच की!" मी जवळच चटईवर होतो, पेज भरवत होतो. पट्टी सोडून डॉक्टरांनी डोळ्यासमोर जाड भिंग धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "दादा, किती रं म्हातारा झालास!" आणि रडायला लागली. डॉक्टर रागावले, डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून. मी मात्र तोंड फिरवून माझं पुसून घेतलं.

तिला कडावला पोचवून परवा घरी आलो. बाहेर पडलो की पाय दुखतात, घरी आलो की तिथलं आठवतं. आपले बापजादे दरवर्षी सणाला "पुढच्या वर्षी यरुशलेम" म्हणत आले. कडावहून पेणला जायची ऐपत नव्हती, तरी म्हणत आले. मला ते नुसतं पाठ होतं. म्हणताना पुढे काहीतरी दिसायला हवं, हे दुसरीपर्यंतच शिकलेल्या बहिणीने शिकवलं. ताटापाशी तिने विचारलेल्याचं उत्तर आता सापडलंय. पासपोर्टाचा फॉर्म आणलाय, दोन आणलेत, एक तिचा, एक माझा.

चष्मा महिन्याने मिळेल. गुरुजींनी वाचून दाखवायचं नाही, पहिलं पत्र आपलं आपण वाचणार, असं तिने बजावलंय. तेव्हा शलोम, हे वाचून झालं की लगेच बस. अक्षरं मोठी काढ, ओळीत जागा सोड. यायेलला तिचं नाव मराठीत लिहायला शिकव आणि शेवटी तिच्याच हाताने लिहून घे, वाकडं आलं तरी चालेल. चष्म्याच्या आधी ते कडावला पोचलं पाहिजे.

तुझा मामा