एक घोट गाडीले

जीपच्या बॉनेटवर आप्पा तळहात ठेवत नसत, हाताची मागची बाजू टेकवत. तापलेल्या पोराच्या कपाळाला आपण टेकवतो ना, अगदी तशी. मग प्रवाशांकडे वळून सांगायचे, "ताप शे. दम धरा."

मी नर्स. धडगावहून वरच्या पाड्यांवर लसीकरणाला जायचं तर आप्पांच्या जीपशिवाय दुसरी सोय नव्हती. "आप्पा, आपण दोघं एकाच खात्यातले," असं मी त्यांना चिडवायची. ते खूश व्हायचे.

तळहाताचं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. कधीकाळी घाईत त्यांनी गरम रेडिएटरचं झाकण उघडलं होतं आणि उकळतं पाणी उसळून हातावर आलं होतं. "तव्हापासून ह्या हातले काईच समजत नई," म्हणाले आणि तो गुळगुळीत झालेला तळहात मला दाखवला. पण झाकणावर त्यांचा राग नव्हता. घाई आपली होती, म्हणायचे.

रेडिएटर कुठेतरी झिरपत होता. शहाद्याच्या मिस्त्रीने किती वेळा कूलंट टाकायला सांगितलं, पण आप्पा त्याला 'हिरवं सरबत' म्हणायचे आणि गाडीला झऱ्याचंच पाणी पाजायचे. चढावर एक रुंद वळण आहे, झरा तिथेच. तिथे ते गाडी थांबवायचे, ती निवेपर्यंत तंबाखू मळायचे, मग गोणपाटाने झाकण फिरवून हाक द्यायचे, "एक घोट गाडीले!" प्रत्येकाने आधी आपापल्या बाटलीतलं थोडं पाणी ओतायचं, उरलेलं झऱ्याचं, हा त्यांच्या जीपचा रिवाज होता. पाड्यावरच्या म्हाताऱ्या तर दुधीच्या तुंब्यातून ओतायच्या, तेही देवाला घालावं तसं हळूच. अशी वसुली तुम्ही कुठे पाहिली नसेल.

एका वर्षी मे महिन्यात झरा आटला होता. वळणावर सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, तरी रेडिएटर अर्धाच भरला. दोन वळणं चढलो आणि काटा पुन्हा लालवर गेला. पुढच्या सीटवर एक कापडवाला बसला होता. त्याची नजर माझ्या मांडीवरच्या डब्याकडे गेली.

"आप्पा, शिस्टरना डबामा बरफ शे ना? त्यानंच पानी करा."

त्या डब्यात लसी होत्या आणि त्यांच्याभोवती आइस पॅक. मला आप्पांचा चेहरा बघवेना. ही जीप गेली तर त्यांची रोजीरोटीच गेली, हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एखादा पॅक द्यावा म्हणून मी झाकणाच्या कडीला हात घातलासुद्धा.

आप्पांनी तो हात हलकेच बाजूला केला. "र्‍हाऊ द्या, ताई. तो बरफ पोरेसना शे. गाडी मन्ही शे. गई ते मन्ही जाई." गेली तर त्यांची जाईल, एवढाच त्यांचा हिशेब.

मग त्यांनी हीटर लावला. होय, मे महिन्यात, भर दुपारी! इंजिनाची आग थोडी आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे त्याला तेवढाच आराम. जीप सरकारी लिलावातली होती, म्हणून तिला हीटर तरी होता. पाय भाजत होते, घामाच्या धारा लागल्या होत्या. कापडवाला कुरकुरत होता आणि आप्पा त्याला म्हणत होते, "हिवाळामा याच हीटरनं कौतिक करतस ना तुम्ही?" मी डबा माझ्या घामाने ओल्या झालेल्या ओढणीत गुंडाळून छातीशी धरला होता. गाडी थांबत, फुसफुसत चढत होती.

पोचलो. शाळेच्या ओसरीवर आया पोरं घेऊन केव्हाच्या बसल्या होत्या. डबा उघडला, बर्फ शाबूत होता. मी एकेक टोचत गेले आणि आप्पा रडणाऱ्या पोरांच्या कपाळाला हाताची मागची बाजू टेकवून आयांना धीर देत होते, "रातले ताप येई. भिऊ नका. दम धरा, उतरी जाई."

त्यांच्या गाडीचा मात्र उतरला नाही. उन्हं कलल्यावर त्यांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली. नुसतीच खटखट. मिस्त्री दुसऱ्या दिवशी वर आला, आत डोकावला आणि म्हणाला, हिला आता उघडण्यातही अर्थ नाही. आप्पांनी बॉनेट सावकाश लावलं आणि शर्टाच्या बाहीने त्यावरची धूळ पुसली. मला रडू आलं. ते माझीच समजूत काढत होते.

पुढे ते शहाद्याला कापसाच्या एका जिनिंगवर रखवालदार म्हणून लागले. लसीकरणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला. "पोरे बरा शेतस ना? ताप उना का कोनले?" आपल्या गाडीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात फोन आला नाही, म्हणून मीच केला. तो त्यांच्या मुलीने उचलला. आप्पा आठवड्यापूर्वीच गेले होते.

जीप अजून शाळेच्या कुंपणापाशीच आहे. चाकं मातीत रुतली आहेत, सीटवर कोंबड्या बसतात. या मे महिन्यात लसीकरण आटोपून मी तिच्याजवळ गेले आणि हाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवली. उन्हाने पत्रा चांगलाच तापला होता. क्षणभर वाटलं, गाडी आत्ताच येऊन उभी राहिली आहे आणि आप्पा पाणी मागायला कुठेतरी इथेच गेलेत.

माझ्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. मी दम धरला, पत्रा सावलीत येईपर्यंत तिथेच बसून राहिले. मग बॉनेट उचलून रेडिएटरचं झाकण उघडलं.