राणीच्या मागून चालताना

नवरा गेल्यावर वर्षभरातच मी शूटिंगला जायला लागले, गर्दीत उभं राहायच्या कामाला. मुलाला ते पटलं नाही.

"आई, लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे पूनम सागरमधले, आमच्याच बिल्डिंगचे. मी कुंकू लावते, रंगीत साड्या नेसते, त्यावरही त्यांचं म्हणणं होतंच.

"म्हणू देत," मी म्हटलं. "घरात बसून भिंती किती बघू?"

त्यातला एक सिनेमा जुन्या काळातल्या एका राणीवर होता. तिचा नवरा आणि तिचा भाऊ एकमेकांवर सैन्य घेऊन चालून येतात. ही हत्यार न घेता दोघांच्या मधे जाऊन उभी राहते आणि तह घडवून आणते. आम्ही बायकांनी तिच्या मागून चालायचं होतं. आम्ही कोण, तर आधीच्या लढाईत नवरे मेलेल्या.

घोडबंदरच्या बाजूला मोकळ्या जागेवर सेट होता. आम्हाला पांढरी लुगडी दिली. मेकअपवाल्याने ओल्या कापसाने माझं कुंकू पुसलं. नवरा गेला त्या दिवशी मी कुणाला हात लावू दिला नव्हता. इथे काम म्हणून बसून राहिले, पण आत काहीतरी पेटलं.

"माताजी लोग, नजर नीचे," असिस्टंट डायरेक्टरने सांगितलं. "थोडा रोने का."

राणी निघाली. दोन्हीकडे भाले, तलवारी. मी समोर बघत चालले. शॉट थांबला. पुन्हा घेतला. पुन्हा मी समोरच बघितलं. मग तो असिस्टंट पोरगा माझ्याजवळ आला.

"आंटी, आप विधवा हो. दुखी हो."

"वो मुझे मालूम है, बेटा. लेकिन तलवारवाले सामने खडे हैं. जमीन को देखूंगी तो उनको शरम कैसे आएगी?"

त्याने मला शेवटच्या ओळीत पाठवलं. तिथे जेसल पार्कहून आलेली एक बाई होती. ती हळूच म्हणाली, "कामावरून काढतील ना हो."

"काढू देत."

पुढच्या शॉटला तिनेही मान वर केली. ऊन उतरत चाललं होतं, असिस्टंट दमला होता. त्याने शॉट तसाच ओके केला.

सिनेमा लागला तेव्हा मुलगा माझ्याबरोबर आला. पडद्यावर राणीच्या खांद्यामागे वाकलेल्या माना दिसल्या आणि त्यांच्यात दोन ताठ. डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपलंही. मुलगा ओळखून हसला. बाहेर पडल्यावर त्याने विचारलं, "सगळ्या खाली बघत होत्या. तू का नाही बघितलंस?"

"तुझे बाबा गेले तेव्हा तरी बघितलं होतं का?"

रिक्षात बसल्यावर त्याने माझा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर मला विधवेच्या कामासाठी कुणी बोलावलं नाही. हल्ली बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांची कामं मिळतात. तिथे जोरात भांडावं लागतं. ते मला चांगलं जमतं.