सलोमीसाठी प्रार्थना

ज्याच्यावर तुम्ही मनातून जळता, त्याच्यासाठी कधी चारचौघांत प्रार्थना मागितली आहे का? मी मागितली आहे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — चर्चच्या पाळकांना नाही, आईला नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिला तर नाहीच.

आमच्या घरात खेळण्यांपेक्षा येशूच्या संदेशाची पत्रकं जास्त. पप्पा रविवारी दुपारी नावडे कॉलनीत ती वाटायचे. उरलेली मी जेवताना वाचायचे. 'जागा हो!' 'आजच निर्णय घे!' — मी भाषाच तशी शिकले. पुढे मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, पत्रकं मीच लिहू लागले. हुंड्यावर, ढोंगावर, बाप्तिस्मा घेऊनही जात विचारणाऱ्यांवर. त्यातला एक शब्दही आज मागे घेणार नाही.

आणि माझी धाकटी बहीण, सलोमी. महापेला नोकरी करते, लिहीत वगैरे नाही. पण मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिली, की देवानं काय केलं ते असं सांगायची — "प्रभूला म्हटलं, पाय दुखतायत, बसमध्ये जागा दे. दिली ना! करावेच्या मावशीच्या कोळंबीच्या पाटीशेजारी." सगळे हसायचे. मग ती हळू आवाजात दोनच वाक्यं बोलायची, आणि तेच लोक डोळे पुसायचे.

माझं पत्रक वाचून कुणी कधी रडलं? लोक ते बाकावर विसरून जायचे. वर ही म्हणायची, "ताई, तुझं वाचून देवालाही घाम फुटत असेल हां." मीही हसायचे. लागायचं मात्र खोल.

त्या वर्षी मंडळीतले काहीजण नंदुरबारकडच्या पाड्यांवर जाणार होते. सोबत प्रवासाबद्दल लिहिणारं एक माणूस हवं होतं. लिहिणारं — म्हणजे मीच ना? पाळक म्हणाले, "सलोमीला पाठवू. तिच्याशी माणसं मोकळं बोलतात. लिहून काय, कुणीही देईल."

कुणीही!

त्याच आठवड्यात सरोजआँटीकडे घरप्रार्थना होती. सलोमी कामावर. प्रार्थनेचे विषय निघाले — कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची परीक्षा. मग मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी बोललेलं किती पवित्र वाटतं, नाही? म्हणाले, "सलोमीसाठी प्रार्थना करा. तिचा विश्वास डळमळतोय. प्रार्थना करताना पलीकडे कुणी ऐकतच नाही, असं तिला वाटतं."

हे खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं. गॅलरीत कपडे वाळत घालताना तीच मला म्हणाली होती, घाबरत, बहीण म्हणून.

"अगं बाई! आणि साक्ष काय झकास देते!" सरोजआँटी आमेनपर्यंतही थांबल्या नाहीत. पाळकांनी यादीतलं सलोमीचं नाव काढलं. पाड्यांवर मी गेले. माझ्या लेखाचं कौतुक झालं.

सलोमीला पाळकांनी प्रेमानंच समजावलं होतं — आधी देवाशी बोल, मग लोकांशी. घरी येऊन तिनं मला विचारलं, "ताई, त्यांना कसं कळलं गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं — की आता उगाच तसं म्हणतेय? मी म्हणाले, "देव दाखवतो आपल्या सेवकांना."

ती हसली. "म्हणजे ऐकत होता तर. फक्त मला उत्तर द्यायचं सोडून त्यांना जाऊन सांगितलं."

त्यानंतर ती मंडळीत आली नाही. आईला वाटतं, शिफ्टमुळे. पण चहाडी मी केली आणि ती देवाच्या नावावर खपवली. तिनं मला सोडलं नाही, त्याला सोडलं. अजूनही माझ्या ताटात आधी वाढते. आणि खरं सांगू? पहिल्या रविवारी तिची जागा रिकामी दिसली, तेव्हा मला हलकं वाटलं होतं.

वय कमी होतं, असं मी म्हणणार नाही. कळत होतं. हे छापून येण्याआधी तिला सांगणार आहे; पुढचं तिचं ती ठरवेल. मला क्षमा करा असं तुम्हालाही म्हणत नाही.

तुम्ही फक्त एवढं करा. पुढच्या वेळी कुणी हळव्या आवाजात, समोर नसलेल्या माणसाचं दुःख प्रार्थनेसाठी मांडू लागलं, तर डोळे उघडा. सगळ्यांसमोर विचारा — हे इथं सांग, असं तिनं तुला सांगितलंय का?